राक्षस मेला, पुढे काय? गेममधल्या शवविच्छेदनाची गोष्ट

स्टीम या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर हल्ली ज्या-त्या गेमला ‘रोगलाइक’चं लेबल लागलेलं असतं. त्यातला एखादा जुन्या वळणाचा गेम हौसेनं उतरवून घेतला की नवा खेळाडू एका ठिकाणी हमखास अडखळतो. तलवारीनं राक्षस मारला, सोनं उचललं, इथवर सगळं ओळखीचं. पण राक्षसाचं प्रेत तिथेच पडून राहतं. कुठल्या गेममध्ये ते कापता येतं, कुठे खाता येतं, कुठे देवापुढे ठेवता येतं, तर कुठे त्याची नीट चिरफाड करून त्या जातीचं मर्मस्थान कुठे असतं हे शिकता येतं. जादू, ड्रॅगन आणि मंतरलेल्या तलवारींच्या दुनियेत हे पोस्टमॉर्टेम कशाला?

‘माहिती मिळते म्हणून’ हे उत्तर तोंडावर येतं. गोम पुढे आहे. ही माहिती मिळते कुणाला? पडद्यावरच्या पात्राला, की खुर्चीत बसलेल्या माणसाला? गेम बनवणाऱ्यांनी या एका प्रश्नाला गेल्या चाळीस वर्षांत अगदी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. शवविच्छेदन कुठे रंगतं आणि कुठे कंटाळवाणं होतं, हे त्या उत्तरावर ठरतं.

### आधी रोगलाइक म्हणजे काय ते

१९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात, सांताक्रूझच्या विद्यापीठात मायकल टॉय आणि ग्लेन विकमन या दोन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा गेम लिहिला. त्यात चित्रं नव्हती. ‘@’ म्हणजे तुम्ही, इंग्रजी अक्षरं म्हणजे राक्षस, ठिपके म्हणजे जमीन. पण दोन गोष्टी त्यात अशा होत्या की पुढे त्यांच्यावर गेमचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. पहिली, भुयाराचा नकाशा दर वेळी नव्यानं तयार होतो, त्यामुळे पाठांतराचा उपयोग नाही. दुसरी, मेलात की मेलात. मागच्या सेव्हवरून पुन्हा सुरुवात नाही, नवं पात्र घेऊन पहिल्या पायरीपासून चढायचं. याला पर्माडेथ म्हणतात. रोगच्या वळणावर गेलेले ते रोगलाइक.

पर्माडेथचा परिणाम जरा लक्षात घ्या. पात्र मेलं की त्याची तलवार गेली, चिलखत गेलं, महिनाभर जमवलेली जादू गेली. उरतं ते फक्त खेळाडूच्या डोक्यात. ‘या हिरव्या अक्षराच्या वाटेला जायचं नाही’ एवढी अक्कल घेऊन तो पुढचा डाव मांडतो. या गेममध्ये ज्ञान हीच एक मालमत्ता मरणानंतर टिकते, म्हणून ज्ञान मिळवण्याच्या रीतीला इतकं महत्त्व.

### शवविच्छेदन हा ‘मेकॅनिक’ कसा चालतो

मेकॅनिक म्हणजे गेममधला एक नियम: तुम्ही हे केलंत तर गेम ते देईल. शवविच्छेदनाचा नियम साधारण असा असतो. प्रेत हवं, हत्यार हवं, वेळ हवा आणि थोडं कसब हवं. बदल्यात त्या जातीबद्दल काही कळतं किंवा काही नवी ताकद मिळते.

याचं सगळ्यात स्वच्छ रूप रोगलाइकमध्ये नाही, १९९४ च्या ‘एक्स-कॉम’ या डावपेचाच्या गेममध्ये आहे. परग्रहवासी मारायचे, त्यांची प्रेतं तळावर आणायची, शास्त्रज्ञांना कामाला लावायचं. काही दिवसांनी अहवाल येतो. २०१२ साली हा गेम नव्यानं आला. त्यात क्रिसॅलिड नावाच्या कीटकासारख्या प्राण्याची चिरफाड केली की त्याच्या कवचापासून सैनिकांना घालायला कायटिनचं आवरण बनवता येतं. शास्त्रज्ञ अहवाल लिहीत असताना बाहेर हल्ले चालूच असतात, त्यामुळे कुठलं संशोधन आधी घ्यायचं याला किंमत असते.

रोगलाइकमध्ये मात्र ना तळ ना शास्त्रज्ञ. तुम्ही एकटे, अंधाऱ्या भुयारात, पायाशी ताजं प्रेत आणि कोपऱ्यावरून कुणीतरी येतंय.

### नेटहॅक: चाकू नाही, दात

या सगळ्या प्रकारात प्रेताचा सर्वांत बारकाईनं विचार केलेला गेम म्हणजे १९८७ पासून चालत आलेला आणि आजही फुकट मिळणारा ‘नेटहॅक’. तिथे संशोधन होतं ते खाऊन. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याचा प्रकार, आणि तोही अक्षरशः.

उदाहरण म्हणून निळा ‘e’ घेऊ. हा तरंगता डोळा. हळूहळू सरकतो, स्वतःहून कुणाला इजा करत नाही. नवख्याला वाटतं, सोपं सावज आहे. तो तलवार घेऊन जातो आणि वार करतो. डोळा त्याच्याकडे नुसता पाहतो आणि खेळाडूचं पात्र जागच्या जागी गोठतं. किती वेळ? कधीकधी शंभराहून जास्त चाली. तेवढ्यात एखादा उंदीर आला तरी तो निवांतपणे कुरतडून पात्राचा जीव घेऊ शकतो. नेटहॅकच्या खेळाडूंमध्ये या मरणाची इतकी चेष्टा होते की ज्याला ते एकदाही आलं नाही तो खरा खेळाडूच नाही, असं म्हणायची पद्धत आहे.

जाणकार काय करतो? लांबून सुरे फेकतो. डोळा मेला की त्या जागी ‘%’ हे चिन्ह उरतं. त्यावर जाऊन खाण्याची कळ दाबायची. गेम विचारतो, इथे तरंगत्या डोळ्याचं प्रेत आहे, खायचं का? हो म्हटलं की काही चालींनंतर एक ओळ येते: मनाला काहीतरी विलक्षण धार आल्यासारखं वाटतंय. बस्स, एवढंच. पुढे काय करायचं हे गेम सांगत नाही. नंतर कधीतरी डोळ्यांवर पट्टी बांधली की त्या मजल्यावरचे मन असलेले सगळे प्राणी एकदम दिसायला लागतात. परचित्तज्ञानाची ही शक्ती त्या डोळ्याच्या मांसातून हमखास मिळते.

बाकीच्या प्रेतांचं एवढं सरळ नसतं. मारक्या मधमाशीच्या प्रेतातून विषाला न जुमानण्याची शक्ती मिळण्याची शक्यता ३० टक्के, आणि ते प्रेत स्वतःच विषारी! राक्षसकाय जायंट खाल्ला की अंगातलं बळ वाढू शकतं. रेथ नावाचं पिशाच्च खाल्लं की थेट एक पातळी वर. वटवाघूळ खाल्लं की डोकं गरगरतं. कॉकाट्रिस, म्हणजे कोंबड्यासारखा तो शापित प्राणी, खाल्ला तर दगड. खायचं सोडाच, उघड्या हातानं त्याचं प्रेत उचललं तरी दगड. हातमोजे घालून उचललं तर मात्र तेच प्रेत हत्यार म्हणून वापरता येतं: ज्याला लागेल तो दगड होतो. हे प्रेत परजत ऐटीत चालताना तुम्ही खड्ड्यात पडलात तर ते तुमच्याच अंगाला लागतं. असे बारकावे सुचणाऱ्या लोकांना माझा दंडवत.

याच्या जोडीला घड्याळ आहे. साधारण ५० चालींच्या आत खाल्लं तर प्रेत ताजं, त्यापुढे सडक्या मांसाची विषबाधा होऊन मरण्याची भीती. अपवाद लायकन (दगडफुलासारखा बुरशीचा एक प्रकार) आणि पाल यांचा. ही प्रेतं कधीच सडत नाहीत, म्हणून पालीचं प्रेत अनुभवी खेळाडू पिशवीत जपून ठेवतात. ते खाल्लं की अंगाचा दगड होणं थांबतं.

नेटहॅकमध्ये जिवंत प्राण्याची तपासणीही करता येते. वैद्याच्या पात्राकडे सुरुवातीपासून स्टेथोस्कोप असतो. तो लावला की समोरच्याची तब्येत, पातळी, बचाव असे आकडे दिसतात. पण खाल्ल्यावर काय होईल हे तो सांगत नाही. ते कळायला खावंच लागतं.

### ‘पण हे सगळं विकीवर असतं ना?’

असतं. खेळाडूंनी मिळून लिहिलेल्या त्या ऑनलाइन माहितीकोशात सगळं मिळतं. या हरकतीला पळवाट नाही.

बारावीच्या प्रॅक्टिकलचं जर्नल आठवा. प्रयोगाचं ‘निरीक्षण’ आणि ‘निष्कर्ष’ आधीच्या वर्षीच्या मुलाच्या जर्नलमधून उतरवलेले असायचे. प्रयोग व्हायचा, पण तो शोध नसायचा, मार्कांसाठीचा उपचार असायचा. नेटहॅकमध्ये पहिल्यांदा तरंगता डोळा खाणारा माणूस खरा प्रयोग करतो. दुसऱ्या डावापासून तो जर्नल उतरवत असतो. फरक इतकाच की उतरवण्याचे मार्क, म्हणजे ती शक्ती, पात्राला दर वेळी नव्यानं मिळवावीच लागते.

म्हणजे एकाच कृतीत दोन बक्षिसं दडलेली आहेत. एक खेळाडूला: हे प्रेत काय करतं याचं ज्ञान. ते एकदाच मिळतं आणि कायम राहतं. दुसरं पात्राला: प्रत्यक्ष शक्ती. ती दर डावात मिळते आणि पात्राबरोबर जाते. नुसतं पहिलं बक्षीस देणारं शवविच्छेदन एका डावापुरतं जगतं. ‘ट्रोलला आगीचं भय असतं’ हे कळायला मी पुन्हा पुन्हा ट्रोल का कापू?

गंमत म्हणजे नेटहॅकच्याच लेखकांना हा धोका ठाऊक होता, पण त्यांनी तो दुसरीकडे टाळला. औषधाच्या बाटल्यांचे रंग दर डावात बदलतात. मागच्या वेळी लाल बाटलीत जखम भरणारं औषध होतं, या वेळी त्यातच आंधळं करणारं असेल. त्यामुळे बाटल्यांचं संशोधन कधी शिळं होत नाही. प्रेतांचे गुण मात्र पक्के आहेत. मला वाटतं तेच बरोबर आहे. डोळा खाल्ल्यावर दृष्टीपलीकडचं दिसावं, जायंट खाल्ल्यावर बळ यावं, यात एक तर्क आहे. तो विस्कटला तर राक्षसांना चेहराच उरणार नाही.

माणसाच्या खऱ्या शवविच्छेदनाची गोष्ट याच्या उलट आहे. आंद्रेआस व्हेसॅलियसनं १५४३ मध्ये शरीररचनेवरचा आपला ग्रंथ छापला, तोवर युरोपात गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचा शब्द प्रमाण मानला जायचा, आणि गेलननं बरंचसं ज्ञान माकडांसारखे प्राणी कापून मिळवलेलं होतं. व्हेसॅलियसनं माणसं कापून पाहिली आणि गेलन जागोजागी चुकलेला निघाला. ग्रंथ चुकू शकतो, म्हणूनच कापून पाहण्याला अर्थ आहे. गेमचं तसं नसतं. विकीवरचा आकडा गेमच्या कोडमधूनच उचललेला असतो. राक्षसाच्या पोटात कोडपेक्षा वेगळं काहीच निघणार नाही.

मग ज्या गेममध्ये राक्षस दर वेळी नवाच घडवला जातो, तिथे? ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये जमिनीखालून वर येणारे ‘विस्मृत पशू’ असतात. त्यांना पाय किती, अंग कशाचं, विष असलं तर त्यानं काय होतं, हे प्रत्येक जगात गेम नव्यानं रचतो. तिथे कुठलीही विकी हात टेकते. कापून पाहण्याला खरी किंमत यायची असेल तर ती अशा ठिकाणी.

### वही खेळाडूनं ठेवायची की गेमनं?

‘अँगबँड’नं दुसरी वाट धरली. १९९० च्या सुमारास इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात ‘मोरिया’ या आणखी जुन्या गेमवरून तो तयार झाला. त्यात गेम स्वतःच नोंदवही ठेवतो. एखादा प्राणी पहिल्यांदा दिसला की त्याचं पान जवळपास कोरं असतं. त्यानं आग ओकली की ‘आग ओकतो’ अशी नोंद होते. त्याचे पुरेसे फटके खाल्ले की तो किती जोरानं मारतो हे दिसू लागतं. त्या जातीचे पुरेसे प्राणी मारले की त्याचं चिलखत किती जाड आहे ते कळतं. इथे प्रेत कापायचं नाही, मोजदाद करायची. कुठल्याही प्राण्याचा स्वभाव एकाच्या पोटात शोधण्यापेक्षा शंभरांच्या वागण्यातून जास्त कळतो, असा त्यामागचा विचार दिसतो.

आणि ही वही पात्राबरोबर मरत नाही, पुढच्या पात्राकडे वारशानं येते. त्यात एक ओळ अशीही असते की या प्राण्यानं तुमच्या इतक्या पूर्वजांना मारलं आहे. आपण मागच्या आठवड्यात मूर्खपणानं घालवलेली पात्रं इथे ‘पूर्वज’ म्हणून भेटतात! खेळाडूच्या डोक्यातलं ज्ञान गेमनं कबूल केलं आणि त्याला घराण्याच्या स्मृतीचं रूप दिलं. या प्रश्नाला दिलेलं इतकं देखणं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

### ‘प्रत्येक प्रेत कापत बसायचं म्हणजे दळणच की’

ही हरकत जास्त गंभीर आहे. समजा प्रत्येक प्रेत कापल्यावर कसब थोडंसं वाढतं. मग शहाणा खेळाडू काय करील? प्रत्येक प्रेत कापील. त्यात विचार नाही, जोखीम नाही, फक्त कळा दाबणं आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून आकडा वाढवण्याला खेळाडू ग्राइंडिंग म्हणतात.

‘डंजन क्रॉल स्टोन सूप’ हा गेम बनवणाऱ्यांनी तर आपल्या मॅन्युअलमध्येच लिहून ठेवलं आहे की ग्राइंडिंग आणि जिचं उत्तर नेहमी एकच असतं अशी निवड, या दोन्ही गोष्टी आम्हाला टाळायच्या आहेत. या गेममध्ये वर्षानुवर्षं भूक होती आणि प्रेतं चिरून मांसाचे तुकडे काढून खाणं होतं. हळूहळू ते सोपं होत गेलं आणि २०२१ च्या ०.२६ आवृत्तीत खाणंपिणं मुळासकट काढून टाकलं. प्रेतं राहिली ती मुख्यतः मढी उठवणाऱ्या मांत्रिकांच्या सोयीसाठी. आणि राक्षसाची माहिती? ती एका कळीवर सगळी समोर. विकी उघडायला लावायचंच नाही, असं त्यांचं धोरण. कोरडं आहे, पण प्रामाणिक आहे. जुन्या खेळाडूंनी तेव्हा बराच गळा काढला, पण चिरण्याची कळ दाबण्यात निवड अशी काही उरलेलीच नव्हती.

दळण टाळून चिरफाड ठेवायची तर काय लागतं? माझ्या मते एकच गोष्ट: त्याच प्रेतावर दुसऱ्या कशाचा तरी हक्क हवा. नेटहॅकमध्ये ताजं प्रेत खाता येतं, वेदीवर देवाला वाहता येतं, डबाबंद करून टिकवता येतं, नाहीतर पाळलेल्या कुत्र्यापुढे टाकता येतं. प्रेत एक आणि वाटेकरी चार. त्यात ५० चालींचं घड्याळ. आता निर्णय घ्यावा लागतो.

‘कॅटॅक्लिझम: डार्क डेज अहेड’ या गेमनं तर विच्छेदन हाच वेगळा पर्याय ठेवला आहे. त्याचं जग जादूचं नाही, झोंबींचं आहे, पण नियमाचा अभ्यास करायचा तर तो इथे करावा. प्रेताचं मांस काढायचं, कातडं सोडवायचं की शास्त्रीय चिरफाड करायची, हे आधी ठरवायचं. चिरफाडीला स्काल्पेलसारखं बारीक कापणारं हत्यार लागतं आणि वेळही बराच जातो. आजूबाजूची बाकीची प्रेतं ठेचून ठेवली नाहीत तर ती उठून उभी राहतात! मोबदला काय, तर त्या जातीच्या दुबळ्या जागांवर नेमका वार करण्याचं पात्राचं कसब वाढतं. हे उत्तर मला पटतं, कारण विकी वाचून मला मर्मस्थान कळेल, पण माझ्या पात्राचा हात तिथे बसणार नाही. ज्ञान पात्राच्या हातात उतरवायचं तर कापणं आलंच.

### ‘किळसवाणं नाही का हे?’

पडद्यावर जे दिसतं ते एक ‘%’ आहे, हे आधी सांगतो. चित्रांच्या गेममध्ये हा प्रश्न वेगळा होतो आणि लहान मुलांच्या पालकांनी तो विचारावाच. पण कल्पनेतली किळस उरतेच.

प्रेताकडे ज्ञानाचं साधन म्हणून पाहणं आपल्याला नवं नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात त्याची रीत दिली आहे: विषानं किंवा दीर्घ आजारानं न मेलेल्या माणसाचा धड देह घ्यावा, मुंज गवत वगैरेंनी गुंडाळून पिंजऱ्यात घालून संथ वाहत्या पाण्यात आडबाजूला ठेवावा, सात रात्रींनंतर बाहेर काढावा आणि वाळा, केस, बांबू अशांच्या कुंचल्यानं हळूहळू खरवडत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहावा. गेममध्ये सडणं हा शत्रू असतो, इथे सडण्यालाच कामाला लावलं आहे.

आणि नेटहॅकला विधिनिषेध नाही असं कुणी समजू नये. स्वतःच्या जातीचं प्रेत खाल्लं तर नशीब फिरतं. कुत्रं किंवा मांजर खाल्लं तर सगळे राक्षस तुमच्या मागावर राहतात. गुहामानव आणि ऑर्क नावाची रानटी जमात यांना दोन्हीची मुभा, कारण त्यांच्यात ते चालतं! भिक्षूच्या पात्रानं मांस खाल्लं तर त्याला अपराधी वाटतं आणि तशी नोंद होते. एवढंच नाही, अख्खा डाव शाकाहारी राहून खेळलात तर शेवटच्या हिशेबात गेम ते नमूद करतो. शुद्ध वनस्पतीजन्य खाण्याची, आणि अजिबात काहीच न खाण्याची वेगळी नोंद असते. लायकनचं प्रेत शाकाहारात बसतं. तरंगता डोळा बसत नाही, त्यामुळे व्रत पाळणाऱ्याला परचित्तज्ञानाची ती सोपी वाट सोडून दुसरी शोधावी लागते.